खोकं शिरवळला का बनू नये?

शुक्रवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पुन्हा भांडण झालं. निमित्त नेहमीचंच. मी म्हटलं की उद्या सकाळी शिरवळला चाललोय, गाळ्यावर. समोरचा (चांगला मित्र आहे, डोकंही चांगलं आहे) म्हणाला, "अजून ते खोकंच का? अरे, हार्डवेअर आपल्याकडे होत नाही. चिप आपल्याकडे बनते का? नाही ना? मग सोड की."

हे वाक्य मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. मास्तरांकडून, सीनियर्सकडून, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांकडून. इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की ते तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. मला वाटलं. एक वर्ष आणि बऱ्यापैकी पैसे घालवल्यावर माझं मत असं झालंय की ते वाक्य धादांत खोटं आहे, आणि आपल्या सोयीचं आहे म्हणूनच टिकलंय.

आधी खोकं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. व्हिडिओ कॅमेऱ्यातून एका वायरने चित्र बाहेर येतं, एसडीआय किंवा एचडीएमआय. ते पकडायचं, थोडं दाबून लहान करायचं आणि एसएसडीवर किंवा मेमरी कार्डवर लिहायचं. बॅटरीवर चालायला हवं, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसायला हवं, आणि एकही फ्रेम गळता कामा नये. बस्स.

आता कुणी म्हणेल की कॅमेरा स्वतः रेकॉर्ड करतोच की, मग हे शेपूट कशाला? यातच सगळी गंमत आहे. पूर्ण एचडी चित्र, दहा बिट, ४:२:२, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला एक हजार मेगाबिटपेक्षा थोडं जास्त. सोनीचा ईएक्स-१ हा २००७ साली आलेला कॅमेरा, त्या काळात माहितीपट करणाऱ्यांचा लाडका. तो आपल्या कार्डावर सेकंदाला जेमतेम ३५ मेगाबिट लिहायचा. म्हणजे तिसावा हिस्सा. रंगांची माहितीही अर्धी करून. पण त्याच कॅमेऱ्याच्या मागच्या एसडीआय सॉकेटमधून पूर्ण चित्र बाहेर यायचं! लेन्स चांगली, सेन्सर चांगला, आणि घरातली वही फाटकी. बीबीसीला एचडीसाठी किमान ५० मेगाबिट आणि ४:२:२ हवं असायचं, त्यामुळे कॅमेरा लायक असूनही त्याचं स्वतःचं कार्ड नापास.

ही फट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या कन्व्हर्जंट डिझाइन नावाच्या छोट्या कंपनीने बघितली. २००९ च्या सुमारास त्यांनी नॅनोफ्लॅश नावाचं मुठीत मावणारं खोकं आणलं. दोन कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं, आणि चित्र दाबायला चक्क सोनीचंच एमपेग-२ कोडेक. पुन्हा वाचा. सोनीच्या कॅमेऱ्याची उणीव सोनीचाच कोडेक विकत घेऊन भरून काढली, आणि सुमारे ३ हजार डॉलरला विकली. त्यांनी चिपचा कारखाना टाकला नव्हता. सेन्सर बनवला नव्हता. मेमरी बनवली नव्हती. त्यांनी फक्त फट बघितली आणि ती नीट बुजवली.

मग मेलबर्न. २०१० साली अटॉमॉस सुरू झाली, आणि त्यांच्या निंजाने हेच काम हजार डॉलरच्या आत आणलं. २०११ साली ब्लॅकमॅजिकने हायपरडेक शटल ३४५ डॉलरला आणलं, ज्यात साधी अडीच इंची एसएसडी खुपसायची. या दोन्ही कंपन्या एकाच गावच्या, मेलबर्नच्या. आता मला कॅन्टीनमधल्या मित्राने सांगावं, मेलबर्नमध्ये चिप बनते का? ऑस्ट्रेलियात मोठा कॅमेरा उद्योग आहे का? सोनी, कॅनन, पॅनासोनिक तिथले आहेत का? चिप बनत नसणं हे कारण असेल तर ते मेलबर्नलाही लागू व्हायला हवं होतं. झालं नाही.

"पण त्यांच्याकडे कोडेक लिहिणारी माणसं असतील." असतील ना. आपल्याकडे नाहीत? बंगळुरूची इत्तिअम २००१ पासून व्हिडिओ कोडेक लिहून जगभर विकते. पुण्यात हिंजवडी ते खराडी या पट्ट्यात परदेशी चिप कंपन्यांसाठी ड्रायव्हर, फर्मवेअर, व्हिडिओ पाइपलाइन लिहिणारी माणसं किती आहेत हे मला सांगायची गरज नाही, तुमच्यातलेच निम्मे असाल. म्हणजे यातला सगळ्यात अवघड तुकडा आपण तासाच्या दराने दुसऱ्यांना लिहून देतो आणि मग म्हणतो की आपल्याकडे होत नाही.

२००९ मध्ये मी सहावीत होतो, तेव्हा ती संधी गेली याचा दोष माझ्यावर येत नाही (हुश्श). पण आमच्या आधीच्या फळीतले जे आज 'इकोसिस्टिम नाही हो' असं म्हणतात, त्यांना एकच विचारायचंय. तुम्ही तेव्हा तिशीत होता, डॉलरमध्ये बिलिंग होत होतं, शनिवार-रविवार सुट्टी होती. मेलबर्नच्या लोकांपेक्षा तुम्हाला काय कमी होतं?

आता शिरवळचं. माझा मामेभाऊ शिरवळ-खंडाळा भागात लग्नाची शूटिंग घेतो. लग्न, बारसं, सप्ताहातली कीर्तनं, साखर कारखान्याच्या सभा, ३ जानेवारीला नायगावात सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम. दोन कॅमेरे, एक ड्रोन, आणि बाहेरून आणलेलं एक रेकॉर्डर खोकं. ते खोकं त्याने का घेतलं हीसुद्धा मजा आहे. त्याचा पहिला डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की आपोआप थांबायचा. तीस मिनिटं सलग रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपच्या जकातीच्या हिशोबात व्हिडिओ कॅमेरा ठरायचं आणि त्यावर कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी तीस मिनिटांच्या अलीकडेच कुंपण घातलं. तिकडचा कर वाचवायला इकडे शिरवळच्या मांडवात मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरा डोळा मिटणार! वायरने बाहेर खोकं जोडलं की ही कटकट जायची. म्हणून खोकं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ऐन कन्यादानाच्या वेळी कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि खोक्याची बॅटरी निसटली. पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. परत चालू केलं तर फाइल शून्य बाइट. मुलीचे वडील त्याआधी सहा महिने आजारी होते, लग्नानंतर दोन महिन्यांत गेले. कन्यादान करतानाचं त्यांचं चित्र दुसऱ्या कॅमेऱ्यात होतं, पण पाठमोरं. मामेभावाने त्या घराचे सगळे पैसे परत केले. त्यांनी मागितले नव्हते. मला फोन करून एवढंच म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर ना? मग एवढं सांग, वीज गेली की पन्नास मिनिटं कुठे जातात?"

ती कुठेच जात नाहीत, हेच तर संतापजनक आहे. पन्नास मिनिटांचा डेटा त्या एसएसडीवर पडलेलाच असतो. एमओव्ही किंवा एमपी-४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि बहुतेक यंत्रं ती सगळ्यात शेवटी, स्टॉप दाबल्यावर लिहितात. मधेच वीज गेली की पुस्तक छापून तयार, पण पानांना क्रमांक नाहीत आणि कपाटाच्या यादीत पुस्तकाचं नावच नाही. कंपनीला मेल केली तर उत्तर आलं की बॅटरी नीट लावावी. यंत्र दुरुस्तीला पाठवायचं तर देशाबाहेर, जाण्यायेण्याचा खर्च आपला.

उपाय अवघड नाही. दर सेकंदाला अनुक्रमणिकेचा तुकडा लिहीत जायचं. खोक्यात दोन सेकंद पुरेल एवढा सुपरकपॅसिटर ठेवायचा. आमचं खोकं आठ वॅट खातं, म्हणजे सोळा ज्यूल, फार काही नाही. वीज गेल्याचं कळताच हातातलं लिहून संपवायचं आणि फाइल बंद करायची. हे इतकं साधं असून त्या यंत्रात का नव्हतं? कारण ते यंत्र जिथे डिझाइन झालं तिथे मांडवात जनरेटर नसतो, लाइट जात नाही, आणि कॅमेऱ्याच्या मागून दोनशे पोरं पळत नाहीत. त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर हा प्रश्नच नव्हता. तो आपल्यासमोर आहे. म्हणून मी म्हणतो की हे खोकं शिरवळलाच बनायला हवं, मेलबर्नला नव्हे.

तर आम्ही चौघांनी शिरवळला एक गाळा भाड्याने घेतला. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर, नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. चौघांत दोन सॉफ्टवेअरवाले, एक इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि चौथा मामेभाऊ, म्हणजे ज्याला खरं काम माहीत आहे तो. एफपीजीए बोर्ड घेतला, ज्यात एआरएम प्रोसेसर आतच असतो. किंमत आमच्यातल्या एकाच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. शिवाय कस्टम्स, कुरियर, जीएसटी. या बाबतीत एक तक्रार नोंदवतो. चार सॅम्पल कनेक्टर मागवले तर कनेक्टरपेक्षा कागदपत्रांचा खर्च जास्त झाला. प्रयोग करणाऱ्याचे चार नग आणि व्यापाऱ्याचे चार हजार नग यांना एकाच रांगेत उभं करणारी व्यवस्था 'भारतात बनवा' म्हणते तेव्हा हसू येतं. असो.

पहिली चूक आमची स्वतःची. कोडेकचा कंटाळा केला. म्हटलं, चित्र न दाबता तसंच लिहू. सेकंदाला १३० एमबी, तासाला साडेचारशे जीबीहून जास्त, पण एसएसडीच्या डब्यावर तर सेकंदाला ५०० एमबी छापलंय! काय हरकत आहे? पहिली सहा मिनिटं झकास. मग फ्रेमा गळायला लागल्या. पुन्हा केलं, पुन्हा सहा मिनिटं. तीन विकांत आम्ही आमचाच कोड चाळत बसलो. शेवटी कळलं की स्वस्त एसएसडी आपल्याच पोटातला थोडा भाग वेगवान कप्पा म्हणून वापरते, आणि चाळीसेक जीबीनंतर तो भरला की वेग ऐंशीवर येतो. आत येतंय १३०, बाहेर जातंय ८०, दर सेकंदाला पन्नास एमबी तुंबतंय. आमचा ५१२ एमबीचा बफर दहा सेकंदांत तुडुंब. डब्यावरचा ५०० हा आकडा खोटा नव्हता, फक्त सहा मिनिटांपुरता खरा होता. (लग्नाच्या मध्यस्थाने सांगितलेल्या पगारासारखा.)

मग गपगुमान कोडेक. १८४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २३ एमबी, तासाला त्र्याऐंशी जीबी. आता एसएसडीने अर्धा सेकंद डुलकी घेतली तरी बफरमध्ये बारा एमबीसुद्धा जमत नाहीत. यासाठी नवं काही शोधावं लागलं नाही. व्हीसी-३ हे प्रमाण छापील उपलब्ध आहे, ॲपलच्या प्रोरेसच्या रचनेचा दस्तऐवज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालाय. नाव वापरायचं तर परवाना लागतो ही गोष्ट वेगळी, पण वाचायला कुणी अडवलेलं नाही. आपण वाचत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. आमच्या गाळ्यापासून दोन गल्ल्या सोडून एक फॅब्रिकेटर काका आहेत. शिरवळ-खंडाळा पट्ट्यात गोदरेजचे फ्रिज बनतात, एशियन पेंट्सचा कारखाना आहे, मोठ्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप्स गल्लोगल्ली आहेत. काकांकडे आम्ही खोक्याच्या धातूच्या कवचाचं चित्र घेऊन गेलो. पंखा नको होता, कीर्तनाच्या शांत जागी पंखा ऐकू येतो. म्हणजे सगळी उष्णता अॅल्युमिनियमच्या अंगातून बाहेर काढायची. एप्रिलमध्ये पत्र्याच्या मांडवाखाली. काकांनी चित्र बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "टॉलरन्स किती?"

आम्ही तिघे इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. चित्रात टॉलरन्स लिहिलाच नव्हता. काका आयटीआय झालेले. त्यांनी दोन दिवसांत नग करून दिला, चिपच्या पाठीला टेकणारी बाजू आमच्या चित्रापेक्षा सपाट करून दिली आणि म्हणाले, "मधे हवा राहिली तर गरम होणार की तुमचं यंत्र." वर्षभरात एकदाही धातूकाम आडवं आलं नाही. आडवं आलं ते आमचं. डेटाशीट शेवटच्या पानापर्यंत न वाचणं, ऑसिलोस्कोप हातात धरायची सवय नसणं, एसडीआयच्या तारेला ७५ ओहम राखायचे म्हणजे बोर्डावर नेमकं काय करायचं हे चौथ्या प्रयत्नात कळणं. मायक्रोप्रोसेसर म्हणून आम्हाला कॉलेजात १९७६ सालचा ८०८५ शिकवला, आणि तोही आम्ही प्रश्नसंच पाठ करून पास केला. हार्डवेअर आपल्याकडे होत नाही या वाक्यातला 'आपण' म्हणजे शिरवळचे काका नव्हेत. तो 'आपण' म्हणजे आपण, एसीत बसलेले.

आणि हे काही नवीन नाही. शिरवळहून जो रस्ता खंबाटकी चढून पुढे कोल्हापूरला जातो, त्याच्या त्या टोकाला शंभर वर्षांपूर्वी काय झालं ते बघा. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. बाबूराव पेंटरांकडे आयात कॅमेऱ्याची चैन नव्हती. त्यांनी विल्यमसनचा अभ्यास केला आणि १९१८ पर्यंत कोल्हापुरातच स्वतःचा कॅमेरा बनवला. आनंदराव पेंटरांनी हे वेड सुरू केलं, ते १९१६ साली वारले, तरी बाबूराव थांबले नाहीत. मदतीला विष्णुपंत दामले. त्या कोल्हापुरी कॅमेऱ्याचं फळ म्हणजे १९२० चा 'सैरंध्री'. बाबूरावांच्या हाताखालचीच मंडळी पुढे 'प्रभात'मध्ये गेली आणि प्रभातच्या पुण्याच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. काच कोल्हापूरची नव्हती, फिल्मही कोल्हापूरची नव्हती. चिप आपल्याकडे बनते का, असं त्यांना कुणी विचारलं असेलच, शब्द वेगळे असतील.

आता विरोधी पक्षाचं सगळ्यात भक्कम म्हणणं, कारण ते टाळणं पळपुटेपणा होईल. "बाबा रे, खोक्याचे दिवस संपले." यात तथ्य आहे. आता कॅमेरे आतच दहा बिट ४:२:२ लिहितात. तीस मिनिटांचं कुंपण बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत उठलं. २०२३ चा आयफोन १५ प्रो वायरने थेट एसएसडीवर प्रोरेस लिहितो. खोक्याच्या धंद्याचा बराच भाग दुसऱ्यांच्या अडचणीवर उभा होता, कधी जकातीच्या, कधी पेटंटच्या. कॅमेऱ्याच्या आत दाबलेलं रॉ लिहिण्याचं पेटंट रेड कंपनीकडे होतं. ते रद्द करायला ॲपलने २०१९ मध्ये अर्ज केला, फेटाळला गेला. रेडने २०२२ मध्ये निकॉनवर दावा लावला, २०२३ मध्ये तो मिटला, आणि २०२४ मध्ये निकॉनने रेडच विकत घेतली! (सासरच्यांनी केस केली म्हणून सासरच विकत घेणं, असं काहीसं.) अशा अडचणी सुटल्या की खोकं घटकाभर निरुपयोगी दिसणारच.

पण माझा मामेभाऊ नवा कॅमेरा कधी घेणार? त्याच्यासारखे शूटिंगवाले तालुक्यातालुक्यात आहेत, त्यांच्याकडचे कॅमेरे दहा-दहा वर्षं चालतात. दोन-तीन कॅमेरे एकत्र मिक्स करून मांडवातल्या स्क्रीनवर दाखवायचे आणि तेच रेकॉर्डही करायचं, हे काम कुठल्याच कॅमेऱ्याच्या आत होत नाही. आणि वीज गेली तरी फाइल वाचली पाहिजे, ही गरज नव्या कॅमेऱ्यांनाही आहे. हा बाजार मेलबर्नला लहान वाटेल. शिरवळच्या एका गाळ्याला तो पुरून उरेल. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर बनायला लागले तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावत नव्हते, नांगर पडून राहिले होते. त्या वेळी कुणी बाजाराची स्लाइड मागितली असती तर लक्ष्मणरावांकडे काय दाखवायला होतं?

स्लाइडवरून आठवलं. एका गुंतवणूकदार गृहस्थांना आम्ही भेटलो. त्यांनी खोकं हातात घेतलं, वजन बघितलं, आणि म्हणाले, याचं ॲप करता येईल का? तिथून परत येताना आम्ही कात्रजपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

दुसरीकडून मिळालेला सल्ला याहून वाईट. शेन्झेनहून तयार खोकी आणा, वर आपलं नाव छापा, मॅन्युअल मराठीत द्या, झालं स्वदेशी. ही सूचना देणारे देशभक्तीच्या पोस्टी सगळ्यात जास्त टाकतात. त्यात मला राग येण्यासारखं हे आहे की असं खोकं आणलं तर ज्या दिवशी पन्नास मिनिटं गायब होतील त्या दिवशी आम्हीही मामेभावाला हेच सांगणार, बॅटरी नीट लावावी. कारण आत काय चाललंय हे आम्हालाही माहीत नसेल. माझ्या दृष्टीने बनवणं आणि विकणं यातला फरक एवढाच आहे. चिप तैवानची असो, कनेक्टर जपानचा असो. पन्नास मिनिटं कुठे गेली या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याने ते बनवलं.

आत्ताची स्थिती सांगतो, फुशारकी नको. तिसरा बोर्ड चालतोय. सलग चार तास एकही फ्रेम न गळता गेला. आम्ही मुद्दाम ऐंशी वेळा बॅटरी उपटली, अठ्ठ्याहत्तर वेळा फाइल शेवटच्या सेकंदापर्यंत उघडली. दोन वेळा उघडली नाही, आणि त्या दोन्ही वेळा का नाही हे अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला फाइल सिस्टिमची जर्नल वाचायची हौस असेल तर शनिवारी या. स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरा, शिरवळला उतरा, चहा आमच्याकडे.

पुढच्या महिन्यात मामेभावाकडे एक लग्न आहे. त्याला म्हटलं, आमचं खोकं लाव. तो म्हणाला, "लावतो, पण दुसऱ्या कॅमेऱ्याला. मुख्य कॅमेऱ्याला नाही. आधी ती दोन मिळवून आण, दादा."

बरोबर आहे त्याचं.